छावणीच्या सालचा चिरूट

माझे सासरे आबासाहेब यांनी आयुष्यात एकही चिरूट ओढलेला नाही. तरी पाथर्डीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून असलेल्या आमच्या वाडीत आबा म्हटलं की चिरूट आणि चिरूट म्हटलं की आबा. विहिरीच्या कडेला त्यांची तंबाखूची झाडं, फार नाहीत, बोटांवर मोजण्याइतकी. मी राहुरीकडची, मुळा धरणाच्या पाण्यावर वाढलेली. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माजघरातला तो उग्र, गोडसर वास नाकात शिरला आणि मी नवऱ्याला, कल्याणला विचारलं, "घरात काही मेलंय का?" दाराआड आबा बसले होते. ते म्हणाले, "मेलं न्हाई पोरी, मुरतंय."

त्या दिवसापासून आमचं जमलं. म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी हसायचं, असं जमलं.

आबांचे वडील नगरला कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेबाचे चिरूट बघून बघून हा माणूस पान वळायला शिकला. गावी परतला, मुलगी झाली, तेव्हा बारशाच्या दिवशी हौसेने एक जाड चिरूट वळला, बाळाच्या दुपट्याची चिंधी फाडून त्याला बांधली आणि बाजरीच्या कणगीत ठेवून दिला. पोरीच्या लग्नात व्याहीभेटीला दोघा व्याह्यांनी तो मिळून ओढला. व्याह्याला तो इतका आवडला म्हणे, की पोरीला सासरी जन्मात कोणी वाकडं बोललं नाही. खरं किती आणि वाढवलेलं किती, देव जाणे, पण वाडीला पटलं. तेव्हापासून मुलगी झाली की बाप चिंधी घेऊन आमच्या दारात. चिंधीचे दोन तुकडे करायचे, एक चिरुटाला आणि एक आईजवळ. लग्न ठरलं की आईने आपला तुकडा आणायचा आणि आबांनी कणगीत हात घालून त्याचा जोडीदार शोधायचा. कुठे नाव नाही, तारीख नाही. "लेकीबाळीवर काय चिठ्ठ्या डकवायच्या?" असं आबांचं म्हणणं.

काम मात्र ते फार निगुतीने करत. पानं सावलीत वाळवायची, गुळाच्या पाण्याचा हबका मारायचा, एकावर एक रचून दगडाखाली दाबायची. आतून पानं तापतात. तापलेल्या लेकराचं अंग बघावं तसं आबा मनगटाची आतली बाजू लावून बघत. मग शिरा काढायच्या, आतला गाभा सैलसर भरायचा, वरून एकच अखंड पान आणि टोक चिकटवायला बाजरीच्या पिठाची खळ. पीठ माझ्या गिरणीतलं. वाडीतली पिठाची गिरणी मी चालवते, त्यामुळे जाडंभरडं की बारीक यावरून आमची रोज खडाजंगी. होळी झाली की सगळे चिरूट बाहेर काढायचे, फडक्याने पुसायचे आणि कूस बदलून परत कणगीत ठेवायचे. त्या दिवशी आबा जेवायलासुद्धा उठत नसत, मग मी ताट तिथेच आदळायचे.

पण खरी मजा मांडवात. व्याहीभेटीच्या वेळी आबा चिरुटाचं टोक कात्रीने कापत, तोंडात टाकून सावकाश चावत आणि सगळा मांडव श्वास धरून त्यांच्या जबड्याकडे बघत बसे. मग बाजूला थुंकून ते शब्द देत. "मध झालाय," असं म्हणाले की हलगी कडाडलीच. हा शब्द पडल्याशिवाय व्याहीभेट नाही, आणि व्याहीभेटीशिवाय अक्षता नाहीत. उरलेलं थोटूक चिंधीसकट आबांकडे परत यायचं, ते एका पत्र्याच्या डब्यात राहायचं. का ठेवता, असं मी एकदा विचारलं. "लेकी गेल्या, कायतरी राहू दे की घरात," म्हणाले.

गेल्या काही वर्षांपासून मात्र आबांचं एक तुणतुणं सुरू झालं होतं. चिरूट मुरत नाहीत.

ते सांगत, त्यांच्या बापाच्या काळात चिरूट बेताचेच निघायचे. तेव्हा पोरी तेराव्या-चौदाव्या वर्षीच उजवून टाकत, उघडउघड, त्यात कोणाला काही वाटत नसे. मग एसटी आली, हायस्कूल झालं, पोरी सायकलवर शाळेत जाऊ लागल्या आणि अठरा-वीसच्या होऊन मांडवात उभ्या राहू लागल्या. तोच आबांचा भरभराटीचा काळ. प्रत्येक लग्नात मध. आबांना वाटलं, आपला हात बापापेक्षा चांगला. आणि आता पुन्हा टोक चावलं की जीभ चरचरायची, घशाला कोवळा कडूपणा लागायचा. "ठीक हाय," एवढंच म्हणून मांडवातून खाली मान घालून परत यायचे.

घरी आले की कोणावर तरी खापर. आधी माझ्या पिठावर. मग बाजरीवरच्या औषधावर. मग हवेवर. एका वर्षी त्यांनी कणगी मोडून नवीन विणून घेतली, शेणामातीने स्वतः लिंपली, मला हात लावू दिला नाही. एका वर्षी गूळ वाढवला, एका वर्षी कडुनिंबाचा पाला घातला. म्हातारा माणूस पानांपाशी बसून स्वतःशीच पुटपुटायचा, "हात गेला माझा. हात गेला." मी चिडवायचे, "हात नाही गेला आबा, जीभ म्हातारी झाली." ते हसायचे, पण आतून त्यांना ते लागत होतं, हे मला कळायचं.

यंदा वैशाखात रतनबाई चिंधी घेऊन आली.

रतनबाई आणि तिचा नवरा बिभीषण ऊसतोडीला जातात. दसरा झाला की घराला कुलूप आणि उन्हाळ्यात परत. त्यांची एकुलती एक मुलगी ज्ञानेश्वरी, तीही लहानपणापासून त्यांच्याबरोबर फडावर. त्यामुळे ती वाडीत अर्धीच वाढली म्हणायची. दरवर्षी परत यायची तेव्हा एकदम वीतभर उंच झालेली असायची. गिरणीत दळण घेऊन आली की डबा डोक्यावरून एकटीने उतरवायची. मला वाटायचं, असेल सतराची, अठराची. खरं सांगायचं तर मला काही वाटतच नव्हतं. डबा किती किलोचा, एवढंच मी बघत होते.

"लगीन जमलं आबा," रतनबाई म्हणाली. "शेवगावकडचं स्थळ हाय. परवाच धरलंय."

आबा कणगीपाशी गेले. पिवळ्या कापडावर निळे ठिपके, तिचा जोडीदार सापडायला वेळ लागला नाही. मी ओट्यावर गहू निवडत बसले होते. का कोण जाणे, त्या दिवशी आबांनी मांडवाची वाट न पाहता तिथेच टोक कापलं. मांडवात पुन्हा खाली मान घालायला लागू नये म्हणून असेल. तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि थांबले.

त्यांचा चेहरा बघून मी सूप खाली ठेवलं. मला वाटलं झटका आला. डोळे ताठ, जबडा तसाच.

"आबा, काय झालं? पाणी देऊ?"

त्यांनी हाताने मला थांबवलं. पुन्हा चावलं, मग तळहातावर थुंकून त्या चोथ्याकडे बघत राहिले.

"हे माझं पान न्हाई," ते म्हणाले. "ही निपानी हाय."

मला काही कळेना. तेवढ्यात कल्याण टेम्पो लावून आत आला. आबा त्याला म्हणाले, "कल्यान, हीर आटली ती साल कोनची रं? झाडं जळली आन् मी पाथर्डीच्या बाजारातून निपानीची पानं आनली हुती बग. एकदाच आनली जल्मात."

कल्याणला आठवायला क्षणही लागला नाही. "छावणीचं साल की आबा. आपन बैलं घेऊन चारा छावणीत राहिलो हुतो. मी दहावीला हुतो. छावणीतून पेपरला जायचो."

कल्याण आज तिशीला टेकलाय. दहावीतला पोरगा सोळा वर्षांचा. मी मनातल्या मनात वजाबाकी केली, मग पुन्हा केली, कारण आकडा चुकतोय असंच मला वाटलं. तेरा. चौदावं लागलं असेल फार तर. ही पोर तेरा वर्षांची? डबा उतरवणारी? आणि परवा तिचं लग्न?

"रतन," आबा म्हणाले, "पोरगी छावनीतली का गं?"

रतनबाई उंबऱ्याबाहेर बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कागदावर एकोनीस हाय," ती म्हणाली.

"म्या कागदाचं न्हाई इचारलं."

"आबा, तुमी नुसता चिरूट द्या. वय काय करायचंय चिरुटाला?"

माझा तोल सुटला. मी नको नको ते बोलले. आई आहेस की कोण आहेस, इथपर्यंत बोलले. रतनबाईने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "ताई, फडावर पाचटाची कोपी, तिला दार नसतंय," ती म्हणाली. "आमी रातच्याला मोळ्या भरायला जातो तवा ती एकटी असती. कोनकोन येऊन बसतंय बाहीर, तुमाला न्हाई म्हाईत. मागं वाडीत ठिवावी तर कोनापाशी? तुमी ठिवाल? नवऱ्याच्या घरी निदान दार तरी हाय." एवढं बोलून ती उठली आणि चिंधीचा आपला तुकडा तिथेच ठेवून निघून गेली.

इतका वेळ मी तिला राक्षसीण समजत होते आणि आता तिला काय म्हणावं ते सुचेना. कल्याणने फोन काढला. बालविवाहाची खबर द्यायचा नंबर असतो, तो शोधू लागला. पण आबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते माजघरात गेले, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला.

अलीकडच्या लग्नांची थोटकं त्यांनी एका बाजूला ओढली. एक उचललं, न जळलेल्या बाजूने चावलं. "गारपिटीचं पान," म्हणाले. दुसरं. "ह्ये हीर खोल केली त्या सालचं, मचूळ पानी." तिसरं, चौथं. प्रत्येक सालची पानं वेगळी, आणि आबांच्या जिभेला ती सगळी पाठ. कल्याण शेजारी बसून प्रत्येक साल ओळखत होता. गारपीट झाली तेव्हा तो आठवीला, विहीर खोल केली तेव्हा सहावीला. मी उभ्या उभ्या वजाबाक्या करत होते आणि एकही अठरावर जात नव्हती. चौदा. पंधरा. पुन्हा पंधरा. ज्यांच्या लग्नात मी बुंदी वाढली, ज्यांच्या हळदीत मी नाचले, त्या पोरी. आबांच्या तोंडातून तपकिरी लाळ गळत होती, पण ते थांबेनात.

मग त्यांनी गुलाबी चिंधीचं एक थोटूक उचललं. चावलं. मग पुन्हा चावलं.

"काकवी हाय ह्याच्यात," शेवटी म्हणाले.

कल्याणचा आवाज बदलला. "आई गेली त्या सालचं."

माझी सासू बनुबाई गेली ते वर्ष. गुळाचं पाणी तीच कालवायची. ती गेल्यावर आबांना घरात गूळ कुठे असतो तेही सापडेना, तेव्हा त्यांनी काकवीचंच पाणी मारलं होतं. कल्याण तेव्हा पाचवीत होता.

गुलाबी चिंधी साळूबाईच्या रेश्माची. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. दुसऱ्या वर्षी फडावरच बाळंत होताना ती गेली. बाळही गेलं. वाडी हळहळली होती, नशीब म्हणाली होती. रेश्मा लग्नात पंधरा वर्षांची होती.

आणि मग मला तो मांडव आठवला. रेश्माच्या लग्नात आबांनी टोक चावून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "कवळा हाय अजून. आनिक तीन वर्सं ठिवायला पायजे हुता." व्याही म्हणाले होते, "चालंल आबा, आमच्या घरी मुरंल." सगळा मांडव खदखदून हसला होता. हलगी वाजली होती. मीसुद्धा तिथेच होते.

आबांनाही तेच आठवलं असणार. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "म्या बरूबर सांगत हुतो गं सविता. तंबाखूचं काय चुकत न्हवतं. त्येला वर्संच मिळाली न्हवती." आणि तिथेच ओकले. मी त्यांचं डोकं धरून बसले, कल्याणने माती टाकली. इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत होता, माझ्या पिठाला दोष देत होता, कणगी मोडून नवीन करत होता. आणि जीभ मात्र दर लग्नात खरं वय सांगत होती. ते ना त्यांना ऐकू आलं, ना आम्हाला.

तोंड धुऊन झाल्यावर कल्याणने पुन्हा फोन उचलला. आबा म्हणाले, "आधी मी बोलतो. मांडवात शब्द माझा असतोय."

"आणि तुमचं कोणी ऐकलं नाही तर मी करते फोन," मी म्हणाले. "मग वाडी मला वाळीत टाको नाहीतर काय करो." ते मान हलवून हो म्हणाले.

लग्नाच्या दिवशी आबांनी धुवट धोतर नेसलं, फेटा बांधला. मी मुद्दाम त्यांच्या मागेच उभी राहिले, फोन हातात धरून. ज्ञानेश्वरीला पिवळी साडी नेसवून आत बसवलं होतं. साडीच्या निऱ्या तिला आवरत नव्हत्या. नवरदेवाचे वडील बजरंग, शेवगावकडचे, आबांच्या समोर येऊन बसले. बिभीषण शेजारी. त्याच्या कपाळावर घाम होता. रतनबाईने त्याला घरी काय सांगितलं, काय नाही, मला माहीत नाही. पण आबा आलेत म्हटल्यावर त्याला वाटलं असेल, म्हातारा वळणावर आला.

आबांनी चिरूट वर धरला. टोक आधीच कापलेलं होतं. त्यांनी आणखी एक तुकडा कापला, तोंडात टाकला. मांडव गप्प झाला. हलगीवाला काठी उचलून तयार.

"ही पानं छावनीच्या सालची हायती," आबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पोरंसुद्धा गप्प होती. "माझी झाडं जळाली हुती तवाची. त्या साली बिभीषनाची लेक जल्माला आली. चौदा वर्सं बी झाली न्हाईत. हा चिरूट आज पेटवायचा न्हाई. आन् लगीन बी लावायचं न्हाई."

हलगीवाल्याची काठी तशीच वर. कोणीतरी हसलं, आबांची थट्टा आहे असं समजून, आणि मग आपण एकटेच हसतोय हे कळून थांबलं. बजरंग उठले. "आमाला एकोनीस सांगितलं," ते म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की चारचौघांत माहीत नसल्यासारखं दाखवणं भाग होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. बिभीषण आबांच्या अंगावर धावला. "म्हाताऱ्या, येड लागलं का तुला! तंबाखू खाऊन वय सांगतो का?" कल्याण मध्ये पडला. मी फोन वर करून ओरडले, "आता सगळ्यांनी ऐकलंय. ज्याला अक्षता टाकायच्या त्याने टाका, मी नंबर लावलाय." लावला नव्हता, पण बोट त्यावरच होतं.

गुरुजी पहिले उठले. मग बजरंगकडची माणसं जीपकडे गेली. बुंदीचे घमेले तसेच राहिले. लग्न मोडलं.

मला वाटलं होतं, वाडी हादरेल. झालं गेलं ते आठवून बायका रडतील, आबांच्या पाया पडतील. मी किती भोळी! दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई चिंधी घेऊन आली. तिची पोर पाच वर्षांची. "आबा, आमचा चिरूट द्या, घरीच ठिवतो," म्हणाली. तिच्या मागे दुसरी. मग पुरुष यायला लागले, ते तर ओट्यावरही बसले नाहीत. कोणी भांडलं नाही, कोणी काही विचारलं नाही. चिंधी पुढे करायची, चिरूट घ्यायचा, जायचं. कोणालाही आपल्या लेकीचं वय आबांच्या जिभेवर राहू द्यायचं नव्हतं. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कणगी रिकामी झाली. आत फक्त माझ्या स्वतःच्या, चार वर्षांच्या लेकीचा चिरूट राहिला.

साळूबाई सगळ्यांत शेवटी आली. तिने रेश्माचं थोटूक मागितलं. आबांनी ते दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवलं. "मांडवात तुमी बोल्ला हुता आबा," ती म्हणाली. "मी बी हसले हुते." आणि ती रडली, अशी रडली की माझी गिरणी बंद करून मला तिला घरी पोचवावं लागलं.

त्यानंतर आबांनी पानाला हात लावला नाही. विहिरीकडची झाडं शेळ्यांनीही खाल्ली नाहीत, उभ्या उभ्या वाळली. माझ्या गिरणीवरचं गिऱ्हाईक निम्मं झालं. बायका दोन कोस चालून दुसऱ्या गावात दळायला जायच्या, पण माझ्याकडे यायच्या नाहीत. मला राग यायचा, मग थकवा यायचा.

दसरा झाला. कोयत्याच्या टोळ्या निघायची वेळ आली तेव्हा एका सकाळी रतनबाई आली. मागे ज्ञानेश्वरी, शाळेच्या जुन्या दप्तरात कपडे भरून. मला वाटलं भांडायला आली. पण ती आबांसमोर बसली आणि पदराखालून तोच चिरूट काढला, टोक कापलेला, पिवळी चिंधी बांधलेला. त्या दिवशी मांडवात पडला होता, तो तिने उचलून ठेवला होता.

"तोंड कापलेला चिरूट ठिवता येतो का आबा?" तिने विचारलं.

आबांनी तो हातात घेऊन फिरवला. "खळ लावली तर येतो," म्हणाले. मी न सांगता आत गेले आणि बारीक चाळणीने चाळलेलं पीठ कालवून आणलं.

मग रतनबाई माझ्याकडे वळली. "ताई, तवा मी इचारलं हुतं..." एवढंच म्हणाली.

"ठेवते," मी म्हणाले. "दार आहे आमच्या घराला. आतून कडी पण आहे. शाळेत मी नाव घालते."

आबा बोटाने चिरुटाच्या तोंडावर खळ लावत होते. खळ वाळेपर्यंत फुंकर मारली. मग चिरूट बाजूला ठेवून त्यांनी पोरीला जवळ बोलावलं. वाडीतल्या इतक्या पोरींचे चिरूट त्यांनी वळले, पण एकीलाही हे कधी विचारलं नव्हतं.

"तुजं वय काय गं पोरी?"

ज्ञानेश्वरीने दप्तर छातीशी धरलं, पाय जुळवून सरळ उभी राहिली आणि पाढा म्हणावा तसं म्हणाली, "एकोनीस."

रतनबाईने तोंडावर पदर दाबला. मग तिने लेकीचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "आता खरं सांग, बाळा. हितं चालतंय."